रानजाईला काही लागत नव्हतं

मी फासे खोटे वाचले. एखाद्या वेळी नाही, सबंध एक पानगळभर. समोर साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा आडोसा उभा केलेला असायचा, त्यामागे मी फासा टाकायचो, आकडा एक पडायचा आणि मी दुसराच सांगायचो. आमच्या खेळात एका माणसाला अशी आडोशामागे फासा टाकायची मुभा असते, आणि तो सांगेल तो आकडा बाकीच्यांनी खरा धरायचा असतो. तो माणूस मी होतो. खरा धरणारी माझी सख्खी मोठी बहीण होती.

खेळ कुठला ते आधी सांगतो, नाहीतर हे सगळं जुगाराचं वाटेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण, तोच आडोशामागचा, गोष्ट सांगतो. समोर रान आहे, रानापलीकडे पडका किल्ला आहे, किल्ल्यात काहीतरी आहे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी शिलेदार, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आपण काय करतो ते प्रत्येकाने तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो, आकडा मोठा पडला तर जमलं. माणसं पहिल्या लेव्हलला सुरू होतात. म्हणजे अगदी कच्ची, एखादं रानडुक्कर नीट धडकलं तरी संपतील अशी. जगली तर हळूहळू वाढतात. यातच एक ड्रुइड नावाचा प्रकार असतो. रानाचा माणूस. झाडांकडून आणि जनावरांकडून ज्याला थोडीफार विद्या मिळालेली असते असा.

ताई आमच्यातली ड्रुइड होती. त्या पानगळीत ती आजारी होती. आजार काय आहे ते मला माहीत होतं, तिला नव्हतं, आणि बंगळूरला नोकरीला असलेल्या तिच्या मुलीला, गार्गीलाही नव्हतं. दोघींना कळू द्यायचं नाही असं मी एकट्याने ठरवलं होतं. फाशांचं खोटं हे त्या खोट्याच्या पोटातलं.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण गेल्या आठवड्यात गार्गीचा व्हॉइस मेसेज आला. तिची आता मुंबईला बदली झाली आहे, बोरिवलीच्या ताईच्याच घरात राहते. मागे रिक्षांचे हॉर्न, आणि तिचा चालता चालता बोलल्याचा दम लागलेला आवाज. "मामा, ऐक ना. ऑफिसमधल्या एकाच्या घरी ग्रुप जमतोय, अंधेरीला. मी ड्रुइड घेतेय. आईसारखी. लेव्हल वन आहे, म्हणजे फुल वाट लागणार. तू जरा टिप्स दे ना. आईला तूच शिकवलेलंस ना."

मुलुंडच्या घरी गॅलरीत उभा राहून मी तो मेसेज ऐकला. समोरच्या डोंगरावरची झाडं विरळ झाली होती, आणि मधेच एक सावर, अंगावर एक पान नसलेली, लाल फुलांनी भरलेली. मेसेज परत ऐकला. आईला तूच शिकवलेलंस ना.

मुंबईला पानगळ असते हे इथल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. इथे पाऊस आणि उकाडा एवढेच दोन ऋतू, असं आपण धरून चालतो. पण ताई बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून राहायची आणि मी मुलुंडला, त्याच जंगलाच्या दुसऱ्या अंगाला. मधून रस्ता नाही. दर रविवारी दुपारी मी मोठा वळसा घालून तिच्याकडे जायचो. संक्रांत झाली की तिच्या मागच्या खिडकीतलं रान उघडं पडायला लागायचं. सागाची पानं पापडासारखी वाळायची. दुपारच्या शांततेत एकेक पान खाली आदळल्याचा आवाज घरात ऐकू यायचा, कुणी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र चुरगळावं तसा. मग सावरीवर फुलं आणि फुलांवर माकडांची भांडणं. ताई खिडकीशी बसून त्यांना नावं ठेवायची. "ती बघ, ती जाडी. सकाळपासून दुसऱ्याच्या फांदीवर डोळा."

खेळ मुळात गार्गीने सुरू केला होता, तळमजल्यावरचा तिचा शाळेतला मित्र सोहम, समोरच्या ब्लॉकमधले डिसोझा अंकल आणि मी यांना धरून. ती बंगळूरला गेली आणि एक खुर्ची रिकामी झाली. दोन रविवार ताई चहा ठेवून आत निघून गेली. तिसऱ्या रविवारी पदराला हात पुसत त्या खुर्चीवर येऊन बसली.

"यात चांगलं कोण असतं?" तिने विचारलं.

"चांगलं-वाईट नसतं गं. तुला आवडेल ते घे."

"मारामारी नको बाबा मला. स्वयंपाक करणारं कोणी नाही?"

"मॅडम, मी चोर आहे," डिसोझा अंकल म्हणाले. "तुम्ही स्वयंपाक करा, मी चोरून खातो."

"ते तुम्ही आत्ताही करता."

मी तिला ड्रुइड समजावून सांगायला लागलो. रान राखणारा, देवाचं रानातच करणारा, जनावरांशी बोलणारा. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या गावच्या राईतली गुरवीण. सरळ सांग ना मेल्या. ड्रुइड काय ड्रुइड."

मालवणकडे आमचं गाव. तिथल्या देवराईत वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. लहानपणी मे महिन्यात गेलो की ताई मला हाताला धरून तिथे न्यायची आणि आत शिरताना चपला काढायला लावायची. बाबा गिरणीत, आम्ही चाळीत, वर्षातून एकदा गाव. पण त्या राईत ती अशी चालायची की जणू घर तेच आणि चाळीत आम्ही पाहुणे. तिने आपल्या गुरविणीचं नाव रानजाई ठेवलं.

पहिल्या लेव्हलच्या ड्रुइडला सांगायची पहिली गोष्ट म्हणजे पुढे उभी राहू नकोस. अंगावर लोखंड घालायची त्याला बंदी, चामड्याचं जे काही असेल तेवढंच. ढाल असलेल्याला पुढे जाऊ दे. तू मागे, झाडाच्या आडोशाला. हे मी ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तिने पहिल्याच दिवशी ऐकलं नाही. वाटेत लांडगा आडवा आला. सोहमने तलवार काढली.

"थांब रे," ताई म्हणाली. "आधी विचारूया त्याला."

"काय विचारणार काकू?"

"जेवलास का म्हणून."

सोहमने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले आणि तिला फासा टाकायला सांगितला. एकोणीस. सगळ्यांच्या समोर, स्टीलच्या ताटात, खणखणीत. मला लांडग्याच्या तोंडी काहीतरी उत्तर घालणं भाग होतं, ते मी घातलं, आणि पुढचे कितीतरी रविवार तो लांडगा त्यांच्या मागून चालत राहिला. ताई त्याच्या वाटचं जेवण आठवणीने काढून ठेवायची. तो फासा खरा होता. हे मी मुद्दाम लिहितोय. तिला जे खरं मिळालं त्यातलं ते एक.

दुसरी गोष्ट वेलींची. जमिनीतून वेली उगवून समोरच्यांचे पाय जखडायचे. कच्च्या ड्रुइडकडे याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, कारण त्यात कोणी मरत नाही, सगळे नुसते अडकून राहतात आणि आपल्या माणसांना पळायला वेळ मिळतो. फक्त आपलीच माणसं त्यात सापडणार नाहीत एवढं बघायचं. ताईने पहिल्यांदा वेली टाकल्या तेव्हा डिसोझा अंकल मधोमध सापडले. "मॅडम, मी तुमचा शेजारी आहे," एवढंच म्हणाले बिचारे.

तिसरी गोष्ट तिला सर्वांत आवडायची. दिवसाअखेर अंगात थोडी विद्या उरली असेल तर निजायच्या आधी तिची फळं करून ठेवायची. एकेक फळ म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं पोट आणि थोडी भरलेली जखम. नियमात त्यांना नुसतीच फळं म्हटलं आहे. ताईची करवंदं होती. ती हिशोबाने वाटायची नाही, ज्याचा चेहरा उतरलेला असेल त्याला जास्त. आणि खऱ्या टेबलावर खऱ्या वाटीत बोरं असायची, मीठ-तिखट लावलेली, संपली की ती न बोलता आत जाऊन भरून आणायची.

दुसऱ्या लेव्हलला ड्रुइडला जनावर होता येतं. सगळे लांडगा होतात, नाहीतर अस्वल. ताईने विचार करून विचारलं, "म्हैस चालेल?"

"म्हैस कशाला, काकू?"

"म्हशीला कोणी अडवत नाही. बघितलंस का कधी? गाडीवालासुद्धा थांबतो."

म्हैस चालली. या रूपाचा एक फायदा असतो. मार आधी जनावराच्या अंगावर जातो. ते पडलं की तुम्ही आपल्या मूळ रूपात तिथेच उभे, जसे होता तसे. हा नियम समजला तेव्हा ताई म्हणाली, "असं पाहिजे होतं खरं."

रिपोर्ट त्यानंतर आले, संक्रांतीच्या तोंडावर. पोटात दुखतं, जेवण जात नाही, एवढीच तिची तक्रार होती. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं नव्हतं, मीच तिला बाहेर बाकावर बसवून एकटा आत गेलो. ते नीट, सावकाश बोलले. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, दुखणं कमी ठेवता येईल. मग म्हणाले, त्यांना मी सांगू का तुम्ही सांगाल? सांगायला हवं. मी म्हटलं, मी सांगतो, घरी गेल्यावर, शांतपणे. बाहेर आलो. ती बाकावर बसून एका परक्या बाईच्या बाळाला टाळ्या वाजवून दाखवत होती.

"काय म्हणाले?"

"अल्सर आहे. औषधं दिलीयत. वेळ लागेल."

बाबांच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून हेच केलं होतं. आमच्या घरात हीच रीत होती, आजूबाजूच्या घरांतही हीच. पेशंटला सांगायचं नाही. बाबा शेवटपर्यंत गावचं घर शाकारायला कधी जायचं ते विचारत राहिले आणि आम्ही पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणत राहिलो. पुढे एकदा मासे तळता तळता, काही विषय नसताना ताई म्हणाली होती, "बाबांना सांगायला हवं होतं रे." मी हो म्हटलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

त्या रविवारी खेळात रानडुक्कर रानजाईच्या अंगावर आलं. मी आडोशामागे फासा टाकला. एवढा मोठा आकडा की ती जागेवर पडली असती. समोर ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती, शाल पांघरलेली, गाल आत गेलेले. माझ्या तोंडातून "चार" असं निघालं. "चार पडले. चुकलं." ती हसली. माझ्या हातात तेवढं एकच होतं जे मला बदलता येत होतं. मी ते बदललं, आणि मला बरं वाटलं. हे कबूल करायला सर्वांत जड जातं. मला फार बरं वाटलं.

मग ते थांबेना. बाण चुकायचे, साप उलटे फिरायचे, छप्पर कोसळायचं ते रानजाई बाहेर पडल्यावर. सोहम म्हणायचा, काकूंचं लक झकास आहे. खेळात माणूस पडला की तो जगणार की जाणार हे ठरवायला त्याने स्वतःच्या हाताने, सगळ्यांच्या समोर फासे टाकायचे असतात. सोहमवर ती वेळ दोनदा आली, अंकलांवर तर कितीदा. ताईवर कधीच नाही. मी येऊच दिली नाही.

वेली काय, दुसरं काही काय, असल्या गोष्टी ड्रुइडला मन लावून धरून ठेवाव्या लागतात, आणि एका वेळी एकच धरता येते. दुसरी धरायला गेलात की पहिली सुटते. मी त्या दिवसांत एकच गोष्ट धरून बसलो होतो. तिच्याशी बोलायचं राहिलं, तिचं ऐकायचं राहिलं. बरोबर बसून माकडं बघायचीसुद्धा राहिली. तिच्या चेहऱ्यावर संशय दिसतोय का तेवढंच बघत होतो.

फेब्रुवारी संपत आला होता. गोष्टीत तिघेजण एका गुहेच्या तोंडाशी पोचले होते आणि गुहेत पिसाळलेलं अस्वल होतं. रानजाई म्हणाली, मी एकटी जाते.

"काकू, नको ना. मी जातो पुढे, माझ्याकडे ढाल आहे."

"तुझी ढाल तुझ्याकडे ठेव."

"मॅडम, अस्वल आहे ते, म्हैस नाय," अंकल म्हणाले.

"ताई, लांबून वेली टाक," मी म्हटलं. "किती वेळा सांगितलंय तुला."

"मला माहितीय तू काय सांगितलंयस ते." ती माझ्याकडेच बघत होती. "मी वेली टाकत नाही. जनावर होत नाही. हातात काही घेत नाही. नुसती त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. आता टाक फासा."

मी टाकला. वीस. त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नसतो. एका पंजात खेळ आटोपला असता.

"पाच," मी म्हटलं. "नेम चुकला. पंजा खडकावर आदळला."

ताई उठली. टेबलाला धरून, सावकाश. पुठ्ठ्यावरून वाकून तिने पलीकडे बघितलं. फासा तिथेच पडलेला होता, तो उचलायचंही मला सुचलं नव्हतं. तिने बघितलं आणि परत खुर्चीवर बसली. सोहमकडे बोरांची वाटी सरकवत म्हणाली, "चल, तुझी पाळी."

दोघं गेल्यावर ती ओट्याशी कप विसळत उभी राहिली. माझ्याकडे पाठ. खिडकीत उन्हं कलली होती आणि सावरीची फुलं खाली पडताना जड, ओला आवाज करत होती.

"विनू, मला काय झालंय?"

"अल्सर, ताई. सांगितलं ना."

"घे गार्गीची—" ती थांबली. नळ बंद केला. "नको. शपथ नको. तू नुसतं सांग, मी धरते खरं. काही असेल तर मला तिला बोलवून घ्यायचंय. पोरगीशी बोलायचंय मला. पुष्कळ आहे बोलायचं."

आजही ते वाक्य मला शब्दाशब्दाने ऐकू येतं. दार उघडं होतं. आत पाऊल टाकायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, खेळ आहे तो. तू हरू नयेस म्हणून आकडा बदलला मी. त्याचा आणि दुखण्याचा काय संबंध? अल्सरच आहे."

ती वळली. माझ्याकडे नीट बघितलं. तिने खरं धरलं की नाही ते मला कधीच कळणार नाही. पण तिने मघाशी कबूल केलं होतं आणि ती ते पाळणारी होती.

"बरं," ती म्हणाली. "मग पाडव्यालाच येऊ दे तिला. नवी नोकरी आहे, उगाच रजा कशाला मोडायची."

आणि माझ्यासमोरच तिने गार्गीला फोन लावला. "काही नाही गं, अल्सर आहे. हो, विचारलं ना, मामा म्हणतो अल्सरच आहे. पाडव्याला ये तू, निवांत. मग बोलू."

पाडवा तिला मिळाला नाही. होळी झाली आणि आठवडाभरात सगळं भरभर उतरत गेलं. मी गार्गीला कळवलं ते तेव्हा. ती पहिल्या विमानाने आली, तोवर ताई औषधांच्या गुंगीत होती. गार्गी तिचा हात धरून, तोंड कानाशी नेऊन तेच तेच म्हणत राहिली, "आई, मी आलेय गं. मी आलेय." ताईची बोटं हलली असं गार्गी म्हणते. मला हललेली दिसली नाहीत. मी तिला तसं कधी सांगितलं नाही.

नंतर, सगळं आटोपल्यावर, तिने मला विचारलं होतं. "मामा, तुला काही कळलं होतं का रे आधी?" मी म्हटलं, "नाही गं. एकदम झालं सगळं." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

तेव्हापासून ती मला सणावाराला न चुकता बोलावते. तिच्याकडून जाताना मी जंगलाचा वळसा घालून घरी येतो आणि दर वेळी वाटेत ठरवतो, पुढच्या वेळी सांगायचं. सांगितलं तर हे एवढं उरलेलं माणूसही तुटेल, ही भीती. न सांगितलं तर ती ज्याला मामा म्हणते तो माणूस मी नव्हेच, ही लाज. पानगळ सुरू झाली की दोन्ही वाढतात.

गेल्या रविवारी गेलो. तिने टेबल खिडकीशी ओढून ठेवलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, जसं ताईला सांगितलं होतं तसंच. मागे उभी राहा. वेली आपल्या माणसांवर टाकू नकोस. निजायच्या आधी फळं करून ठेव. कोणी पडलं तर समोरच्या शत्रूचं नंतर बघ, आधी त्याला उठव. जनावरांना मारण्याआधी काहीतरी विचार. ती मधे मधे हसत होती. "म्हैस आईची होती, मी घोरपड होणार." आणि मग मी एक गोष्ट सांगितली जी ताईला सांगितली नव्हती. म्हटलं, "खेळ चालवणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेव, माझे फासे उघड्यावर टाक. लागलं तर लागू दे. मेले तर मरू दे. मला बघू दे."

"एवढं काय, मामा? कच्चा ड्रुइड मरतोच की एकदा तरी. आईचीही पडली असेलच ना रानजाई?"

"नाही."

"एकदाही नाही? लेव्हल वनपासून? शक्यच नाही."

खिडकीबाहेर माकडं होती. मी त्यांच्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, बाक, अल्सर. अस्वल. ओट्याशी ती काय म्हणाली ते, तिचे होते तेच शब्द. माझं उत्तर. आणि मग खांद्यावर डोकं ठेवून गार्गी रडली तेव्हा मी काय म्हणालो होतो तेही. सांगताना मला वाटत होतं, ती मधेच थांबवेल, ओरडेल. तिने काही केलं नाही. टेबलावरची तिची बोटं नुसती आखडत गेली.

मग ती म्हणाली, "रिपोर्ट संक्रांतीआधी आले होते?"

"हो."

"संक्रांतीला मी इथे होते, मामा. शनिवार-रविवार धरून आले होते. मुलुंडला तुझ्याकडे तिळगूळ घेऊन आले होते मी. तू मला सोसायटीच्या गेटपर्यंत सोडायला आलास, रिक्षात बसवलंस."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

ती उठून खिडकीशी गेली. माझ्याकडे तिची पाठ होती. मीही उठलो, पण जवळ गेलो नाही. तिच्या जवळ जायचा आपल्याला हक्क आहे असं वाटेना.

"माझं चुकलं, गार्गी," मी म्हटलं. "तुझ्या आईला मी खोटं सांगितलं आणि नंतर तुलाही सांगितलं. तिला त्रास होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावत आलो. ते खरं नाही. तिच्या तोंडावर सांगायला मी घाबरलो. तिला तुझ्याशी बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं, ते तिने मला सांगितलं होतं, आणि तरी मी तुला बोलावलं नाही. तो वेळ तुम्हा दोघींचा होता. तो मी घेतला. मला माफ कर असं मी म्हणत नाही, तेही परत तुझ्याकडून काहीतरी घेतल्यासारखं होईल. पण माझं चुकलं. माझं फार चुकलं."